डाव्या दारावरची डोरीन

१४ जुलै, रविवार
ठरलं. सप्टेंबरात लेबर डेच्या रेसमध्ये मेहुणीची जिरवायची. आमच्या ड्रॅग स्ट्रिपचा, म्हणजे गाड्यांच्या सरळ शर्यतीच्या पट्ट्याचा, नियम असा की हरलेल्याने जिंकलेल्याचं नाव वर्षभर आपल्या गाडीच्या डाव्या दारावर रंगवून हिंडायचं. दहा महिने मी ‘डोरीन’ घेऊन फिरतोय. आज चर्चबाहेर पाद्रीबुवांनीसुद्धा विचारलं, काय डोरीन, बरं आहे ना?

१५ जुलै
कारण सापडलं. दोघांचं इंजिन एकाच जातीचं, पण पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारे तिचे कनेक्टिंग रॉड सहा इंची, माझे ५.७. रॉडची लांबी भागिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) म्हणजे रॉड रेशो. तिचा १.७२, माझा १.६४. म्हणजे मी हरलोच नव्हतो. भागाकार हरला होता.

२० जुलै
जेवताना बायकोला सगळं समजावलं. मीटलोफ गार झाला. वांडा म्हणाली, आणि पिस्टन? म्हटलं, पिस्टनला काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत. म्हणाली, बरं बाबा. दोघी बहिणी बापाच्या गॅरेजात वाढल्या, म्हणून वाटतं आपल्याला कळतं.

३ ऑगस्ट
सहा इंची रॉड आले! किचनच्या काट्यावर आठही तोलले. एक ग्रॅमचा फरक नाही. डोरीन, भरले तुझे दिवस.

११ ऑगस्ट
जुने रॉड वेल्ड करून ट्रॉफीसाठी स्टँड बनवला. मग दारावरची डोरीन सँडपेपरने घासून काढली. मुदतीआधी तीन आठवडे, पण फार बरं वाटलं.

२४ ऑगस्ट
जोडणी. क्रँक हाताने फिरवला. पिस्टन वर आला. आणि येतच राहिला. ब्लॉकच्या बाहेर पाऊण सेंटिमीटर. वर हेडचं झाकण बसणार कसं? ब्लॉक बुटका निघाला. फसवणूक!

२५ ऑगस्ट
मशिनिस्ट लॉइडने बघितलं आणि टोपी काढली. म्हणाला, अरे शहाण्या, रॉड लांब घेतलास तर पिस्टन बुटके नकोत? मग त्याने स्वतःच्या बायकोला हाक मारून दाखवलं. नवे पिस्टन यायला तीन आठवडे. रेस आठ दिवसांवर. जुने रॉड परत घालावेत, तर त्यांचा स्टँड झालाय.

२६ ऑगस्ट
अख्ख्या काउंटीत तसे जादा पिस्टन एकीकडेच आहेत. मेलो तरी जाणार नाही.

२७ ऑगस्ट
गेलो. डोरीनने दारातच खोका हातात दिला. वर माझं नाव. खाली तारीख, २१ जुलै. म्हणाली, पाच आठवडे वाट बघतेय भाओजी, अडगळ झाली नुसती. आणि नाव घासलंत म्हणे? आता हरलात तर दोन्ही दारं.

२ सप्टेंबर, लेबर डे
अर्ध्या सेकंदाने.
उजव्या दारावरचा रंग अजून ओला आहे. स्टँडवर वांडाने कुंडी ठेवली. म्हणाली, आता रॉड सारखे, पिस्टन सारखे, रेशो सारखा. मग फरक उरला कशाचा?
विचार केला. सीटचा. सीट बदलायला हवी.