साठ ते सत्तर

२ फेब्रुवारी १९७८, गुरुवार

आजी, आजी, आजी! सकाळपासून कान किटले. मी ह्यांची आजी कधी झाले?

चिंचवडला ट्रस्टच्या दवाखान्यात मुंबईहून दंतवैद्यकीची मुलं आली आहेत, तीन महिन्यांसाठी. म्हाताऱ्या माणसांना कवळी फुकट, पण शिकाऊ हातांची. गुरुवारी शरदच्या कंपनीला सुट्टी असते, म्हणून घर नवऱ्यावर टाकून सूनबाई इंदु मला घेऊन गेली.

एक मुलगी कानाशी येऊन ओरडली, ‘आजी, तोंड उघडाऽऽ!’ अगं, माझे कान ठणठणीत आहेत. दात नाहीत, एवढंच. दुसरा इंदुला विचारतो, ‘ह्यांना मधुमेह आहे का?’ ह्यांना! मी काय गाठोडं आहे, इंदुने आणून ठेवलेलं? तिसऱ्याने तर तोंडातून ब्र काढला नाही. इम्तियाज नाव. आरसा घातला, पाहिलं, मान हलवली, संपलं. आणि माझी कवळी नेमकी त्याच्याकडे! नशीब म्हणतात ते हेच.

कार्ड भरताना वय विचारलं. सदुसष्ट सांगितलं. बोळक्यातून ते ‘फदुफष्ट’ असं बाहेर पडलं. मुलं हसली. इंदु हसली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

शाळेत जन्म गेला माझा ‘श’ आणि ‘ष’ वेगळे करण्यात. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी कोणी ‘सेंगदाने’ म्हटलं की अजून हात शिवशिवतात. आणि आता माझीच ही गत!

३ फेब्रुवारी

कुंदाचं लग्न ठरलं! ७ मे. मुलगा चाकणच्या शाळेत मास्तर आहे. नात गळ्यात पडून म्हणते, ‘आजी, मंगलाष्टकं तूच म्हणायचीस.’ म्हटलं, घसा बसलाय गं. घशाला काय धाड भरलीय! घरातलं एक लग्न माझ्या मंगलाष्टकांशिवाय लागलेलं नाही. पण भर मांडवात ‘फावधान’ म्हणू?

मेच्या आत दात हवेत. चांगले हवेत. आणि ते त्या मुक्याच्या हातात!

९ फेब्रुवारी

मुलांच्या प्रमुख डॉ. कामत भेटल्या. चाळिशीची बाई, बोलायला मोकळी. सांगत होत्या, म्हाताऱ्या पेशंटांबद्दल ह्या मुलांच्या मनात काय आहे ते त्या मोजताहेत.

‘मन मोजायचं? फूटपट्टीने?’

कागद दाखवला. वीस वाक्यं. प्रत्येकासमोर सहमत की असहमत ते लिहायचं. मुलांनी आल्या आल्या भरलाय, जाताना पुन्हा भरतील. मग कळेल काही फरक पडला का. मी शिक्षिका होते हे समजल्यावर मराठी कागद तपासायला माझ्याकडे दिला. वर म्हणाल्या, ‘बाई, बसल्या बसल्या मुलांना दहापैकी गुणही द्या.’

गुण द्यायला मी एका पायावर तयार! ओरडणारी — चार. ‘ह्यांना’वाला — तीन. इम्तियाज — दोन. शेरा: पेशंटशी एक शब्द बोलत नाही.

१६ फेब्रुवारी

फजिती! शुद्धलेखन तपासता तपासता मी तो कागद भरूनही टाकला. ‘म्हातारी माणसं हट्टी असतात.’ सहमत. ‘त्यांच्यासोबत वेळ घालवणं कंटाळवाणं असतं.’ सहमत, दोनदा सहमत. ‘ह्या वयात नवीन काही शिकता येत नाही.’ अर्थातच सहमत.

डॉ. कामतांनी बेरीज केली आणि खो खो हसत सुटल्या. ‘बाई, माझ्या सगळ्या मुलांपेक्षा तुमचे गुण कमी!’

नापास! मी! जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, ‘अहो, ते मी म्हाताऱ्यांबद्दल लिहिलंय.’ त्यावर त्या आणखीच हसल्या.

इतकं हसण्यासारखं काय होतं?

२३ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर दर गुरुवारी एक म्हातारी असते, रहमतबी. स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याची आई. रुमालात थुंकते म्हणून मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसते. आज गर्दी होती, तिला चिकटून बसावं लागलं. वेळ जावा म्हणून इम्तियाजचा पाढा वाचला — घुम्या आहे, माणसाला लाकूड समजतो.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘नातू हाय माझा.’

धरणी दुभंगावी असं झालं.

‘घुमा न्हाई बाई तो. बोलाया गेला की अडकतंय. ल्हानपणापासनं. पोरं हसत्यात, म्हणून त्यानं बोलणंच टाकलं.’ मागल्या वेळी तोंडी परीक्षेत गप्प राहिला, नापास केलं. आता २० एप्रिलला मुंबईहून परीक्षक इथे येणार. पेशंट समोर बसवून विचारणार. पुन्हा गप्प राहिला तर बाप म्हणतो, पुरे झालं शिक्षण, गॅरेजात बस.

विषय बदलायचा म्हणून मी तिचं वय विचारलं. ‘पंच्याहत्तर तर झालंच आसंल. का ओ? उमर काय चोरीचा माल हाय व्हय, लपवाया?’

आणि उगाच माझ्याकडे बघून हसली. आगाऊ बाई!

१६ मार्च

आज मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहिले. आता उच्चार तपासायचे. शेजारच्या खुर्च्यांवर मुलं पेशंटांना सांगत होती, ‘साठ ते सत्तर मोजा.’ साठीतल्या प्रत्येक आकड्याला ‘स’ चिकटलेला. दात जरा पुढे असले की शिट्टी वाजते.

इम्तियाजलाही तेच सांगायचं होतं. ‘सा… सा… सा…’ मान ताठ, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. मी दातांनी अडलेली, हा जिभेने! म्हटलं, ‘साठ ते सत्तर ना? मोजते.’ आणि सदुसष्टला अशी काही शिट्टी वाजली की पलीकडचे गृहस्थ दचकून उठून बसले!

तो हसला. मीही हसले, दात हाताने धरून. मग त्याने मेण तापवलं, पुढचे दात केसभर मागे घेतले. पुन्हा मोजलं. पुन्हा मागे घेतले. एकदाही घाई केली नाही. मला एक चमचा पाणी पाजलं ते मान हाताने धरून, कुंदा पाजते तसं.

घरी येऊन दोनाचे सात केले. ही मेहेरबानी नव्हे. पेपरचं पान उलटायचं राहून गेलं होतं.

१९ मार्च

सुचलं! वर्गात एक मुलगी होती. धडा वाचताना प्रत्येक शब्दाला अडायची, आणि कविता चालीवर म्हणायला लागली की झऱ्यासारखी.

२३ मार्च

त्याला म्हटलं, ‘साठ ते सत्तर, माझ्यामागून. मंगलाष्टकाच्या चालीवर.’ लाजला. मी सुरू केलं. मग हळूच त्याचा आवाज आला. साठ, एकसष्ट, बासष्ट… एकही आकडा अडला नाही! सत्तरला पोचल्यावर दोघांनी मिळून ‘सावधाऽऽन’ केलं.

बाहेरून रहमतबी: ‘आगं, कुणाचं लगीन लागतंय आत?’

३० मार्च

चाल नुसती मनात ठेवून बोलला. पासष्टला अडला. पुन्हा. पुन्हा.

६ एप्रिल

कवळी हातात आली. पहिले दोन दिवस तोंडात कोणाचं तरी सामान ठेवल्यासारखं वाटेल, असं त्याने सांगितलं — सांगितलं! तीन ठिकाणी अडत, पण अख्खं वाक्य.

घरी खोलीचं दार लावून आरशासमोर ‘सावधान’ म्हणून पाहिलं. डोळे भरून आले. आमच्या घराण्यात असं रडत नाहीत. रडले.

१३ एप्रिल

कवळी उजवीकडे टोचते. घासून दिली. तो आज फार गप्प होता. धाकधूक त्याला आहेच, मलाही काही कमी नाही.

२० एप्रिल

तोंडी परीक्षा! शब्दशः!

परीक्षक दोन, दोघेही घड्याळाकडे बघणारे. एकाने माझ्याकडे न बघता इम्तियाजला विचारलं, ‘आजींना ऐकू येतं का?’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, ‘बा… बाईंना स्वच्छ ऐकू येतं, सर. त्यांनाच वि… विचारा.’

पोरा! दहापैकी दहा तिथेच दिले.

मग बरंच विचारलं. अडला, थांबला, पुन्हा बोलला. गप्प मात्र राहिला नाही. शेवटी कार्ड उलटं ठेवून दुसऱ्याने विचारलं, ‘पेशंटचं वय?’

‘सदुसष्ट.’

एका दमात. शाळेतली घंटा पडावी तसं. दाराआड रहमतबीने तोंडाला पदर लावला.

पास!

सगळे पेढे वाटत होते. तो आकडा ऐकून मला मात्र कसंसंच झालं. का, ते आज लिहीत नाही.

७ मे

म्हटली! पाचही. ‘सावधान’चा ‘स’ मांडवाच्या पार टोकापर्यंत गेला असणार. कुंदा अंतरपाटाआड रडतेय की हसतेय कळेना. रहमतबी आणि इम्तियाज पहिल्या रांगेत होते. अक्षता टाकायच्या विसरून तो बोटांवर काही तरी मोजत होता.

इंदु रात्री जवळ येऊन बसली. म्हणाली, ‘सासूबाई, आज तुम्ही वीस वर्षांनी लहान दिसत होता.’

पूर्वी खूश झाले असते. आज कवळी काढून पाण्यात ठेवली.

११ मे, गुरुवार

मुलं उद्या जाणार. डॉ. कामत म्हणाल्या, दुसऱ्या खेपेला मुलांचे गुण वाढलेत. फार नाही, पण वाढलेत. ‘तुमचा कागद राहिलाय, बाई.’

इम्तियाजने शेवटची तपासणी केली. ‘बाई, साठ ते सत्तर.’

सदुसष्ट! परक्या माणसांपुढे त्याने न अडखळता दिलेलं पहिलं उत्तर — आणि नेमकी तीच मी पुरवलेली थाप!

मोजायला लागले. सत्तर आलं. थांबले नाही. एकाहत्तर. बहात्तर.

मग थांबले. म्हटलं, ‘कार्ड आण बाळा. दुरुस्ती आहे.’