दुसऱ्याच पटाशीची ढलपी

मी, आनिबाल रोसालीनो व्हियाल्बा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा जुन्या पटाश्या दुरुस्त करून धार लावण्याचा, राहणार सान आंतोनिओ दे इबार्रा, हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. छाती दुखते, डोके ठीक चालते. मला कोणी भरीस पाडलेले नाही. उलट हे लिहू नये असे माझी मुलगी एल्विया दोनदा म्हणाली. माझ्या पश्चात व्यवस्था अशी व्हावी.

१. राहते घर, परसू आणि गिनीपिगांचे खुराडे एल्वियाला.

२. धारेचा तेलदगड मेहुणी होर्तेन्सिया हिला. पंचवीस वर्षे माझ्या नकळत तिने त्यावर स्वयंपाकाच्या सुऱ्या घासून मध्ये खळगा पाडला आहे. खळग्यासकट तिलाच.

३. भाता, ऐरण आणि मुठींसाठी राखलेले पेरूचे लाकूड मूर्तिकारांच्या संघाला. मोटरवर चालणारे चाक मात्र कोणालाही देऊ नये, भंगारात टाकावे.

४. हे कलम माझ्या दफनानंतरच्या रविवारी चौकात मोठ्याने वाचावे.

दुरुस्त पटाशी परत करताना तिनेच अक्रोडाच्या लाकडावर काढलेली ढलपी सोबत गुंडाळून द्यायची, ही आमच्या गावची रीत आहे. ढलपी सलग आणि गुळगुळीत असली की मूर्तिकार धार पुन्हा तपासत नाही. तेवढ्यावर विश्वास असतो.

अकरा वर्षांपूर्वी देल्फीन पोतोसीने, म्हणजे एल्वियाच्या धर्मपित्याने, आजोबांची गोल पटाशी माझ्याकडे आणली. गंजलेली होती, धारेला खाचा होत्या. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी तो क्रुसापाशी रडणाऱ्या दुःखी मातेची मूर्ती कोरत होता. फक्त चेहरा उरला होता. चौकात व्हॉलीबॉलचा सामना सुरू होणार म्हणून मी घाई केली. हाताचे चाक फिरवत, घडोघडी पाण्यात बुडवत करायचे काम मोटरवर कोरडेच उरकले. धार निळी पडली, म्हणजे पोलादाचे पाणी उतरून ते मऊ झाले. पुन्हा तापवून पाणी द्यायला हवे होते. मी निळा डाग पॉलिश कागदाने घासून काढला, दुसऱ्याच पटाशीची ढलपी गुंडाळली आणि सामना बघायला गेलो.

मातेच्या गालावर धार दुमडली, पटाशी घसरली आणि डोळ्यापासून हनुवटीपर्यंत चीर गेली. देल्फीनचा हात थरथरतो, असे गाव म्हणू लागले. त्यालाही ते पटले. पटाशी माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "ढलपी मी स्वतः पाहिली होती रे. तुझं काम चोखच होतं. माझाच हात गेला. ही आता तूच ठेव."

मी म्हणालो, "वय झालं रे. जरा आराम कर."

तेव्हापासून त्याने एकही मूर्ती कोरली नाही. बाजारासाठी लाकडी चमचे करतो. माझ्या दारावरून जाताना अजून टोपी काढतो, आणि मला मान वर करवत नाही. मी जे केले त्याची लाज वाटतेच, पण त्याला जे बोललो त्याची जास्त वाटते.

ती पटाशी मी नंतर नीट पाणी देऊन दुरुस्त केली आहे. ती देल्फीनला द्यावी, तिच्याच ढलपीसह.

५. हे कलम आज नोटरीसमोर जोडले. एल्विया म्हणाली होती, "बाबा, लिहू नका, जाऊन सांगा. मेल्यावर कबूल करण्यात कसला मोठेपणा?" म्हणून आज देल्फीनला इथे बोलावून चौथे कलम मीच वाचून दाखवले आणि माफी मागितली.

त्याने दोन्ही पंजे टेबलावर पसरले. मग म्हणाला, "अकरा वर्षं मी रोज सकाळी हात पुढे धरून बघायचो, थरथरतोय का म्हणून."

त्याने नोटरीला विचारले, साक्षीदार म्हणून मी सही केली तर चालेल का? नोटरी म्हणाले, चालेल, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, मग पटाशी मिळणार नाही. देल्फीन म्हणाला, "पटाशी नकोच. पेन द्या."

तेव्हा पटाशीची देणगी रद्द. ती कोणाला द्यावी हे सांगायचा हक्क मला उरलेला नाही. चौकातले वाचन येत्या रविवारी, मी जिवंत असतानाच, आणि मीच करीन.

सान आंतोनिओ दे इबार्रा, १४ नोव्हेंबर २०१९.

लिहून ठेवणार: आनिबाल रोसालीनो व्हियाल्बा

साक्षीदार: एफ्राइन चिकाइसा, ओल्गेर मोंतेसदेओका, देल्फीन पोतोसी

तिसरी सही सर्वांनी नीट पाहावी. तिच्यात एकही रेघ हललेली नाही.