अजून एकाची जागा

मोलो, इलोइलो
३ नोव्हेंबर

प्रिय मनोंग एल्मार,

धाकट्या बहिणीची सप्रेम आठवण. तू बरा असशील, समुद्र शांत असेल, आणि जहाजावरचा नवा आचारी भाताला भात म्हणता येईल इतपत तरी शिजवत असेल अशी आशा करते. आम्ही इकडे ठीक. पत्र रोदेल हातोहात देईल. आपला हा चुलतभाऊ पहिल्यांदाच जहाजावर चढतोय, तोही नेमका तुझ्याच. काकू रोज रडतेय आणि रोज त्याची बॅग नव्याने भरतेय. त्याला सांभाळून घे. पिशवीत तुझे पिनासुग्बो आहेत, केळ्याचे साखरेत घोळलेले, त्याच जुन्या दुकानातले. रोदेलने वाटेत फस्त केले नसतील तर.

फोनवर का नाही लिहिलं, असं तू म्हणशील. फोनवर तू वाचतोस, अंगठा दाखवतोस आणि गप्प बसतोस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही.

परवा मृतांच्या सणाला आईच्या, आपल्या नानायच्या कबरीवर जाऊन आलो. चुना दिला, मेणबत्त्या लावल्या, तिथेच जेवलो. शेजारच्या कबरीवाल्यांनी पत्त्यांचा डाव मांडला होता. नानाय असती तर तीही बसली असती आणि लबाडी करून जिंकली असती. ताताय मात्र बायकोच्या कबरीशी खुर्चीत बसून होते. का, ते सांगते पुढे.

माझं काम चाललंय. चाललंय म्हणजे मी त्याला ओढतेय. इंटरनेटवर स्वतःची कार्टून मालिका चालवणं म्हणजे काय, हे मी आता कुणाला समजावत नाही. गोष्ट मी लिहायची, चित्रं मी काढायची, रंग मी भरायचे, पावसाचा आवाज हवा तर तव्यावर तांदूळ मी ओतायचे. महिनाभर राबून जे होतं ते लोक नूडल्स खाता खाता बघून टाकतात आणि खाली लिहितात, ‘पुढचा भाग कधी?’ मागच्या वर्षी कुणीतरी ब्राझीलहून लिहिलं, ‘तुमच्या टीमला सलाम.’ मी तातायना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “टीम म्हणजे कोण गं इंदाय, पोरी, तो पंखा का?” कारण आवाज भरताना पंखा बंद करावा लागतो, एवढाच त्याचा सहभाग. कपाटाचं दार उघडायचं, आत ब्लँकेटं टांगायची, त्यात तातायना घामाघूम उभं करायचं, आणि शेजारच्या तिया बेबेंगच्या गाण्याच्या मशीनला विश्रांती मिळेल त्या दहा मिनिटांत उरकायचं. पोटासाठी परदेशी बाळांच्या चॅनेलला नाचणारी वांगी काढून देते ती वेगळीच. मनगटाला पट्टा बांधते. डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. बघू.

तू माझी मालिका कधी पाहिली नाहीस, मला माहीत आहे. त्यात तातायचा आवाज आहे म्हणून. तर थोडक्यात सांगते. लोलो ओस्तिंग नावाचा म्हातारा इथून पलीकडच्या बेटावर बोट चालवतो. कधी माणसं नेतो, कधी बकऱ्या, कधी एखादं भूत. बोट भरल्याशिवाय सुटत नाही, आणि आपल्याकडच्या कुठल्याही बोटवाल्यासारखी ती त्याच्या लेखी कधीच भरत नाही. माणसं मांडीवर बसली तरी तो धक्क्यावर उभा राहून ओरडत असतो, “अजून एक! अजून एकाची जागा आहे, सुटतेच आहे बोट!” तातायनी ही आरोळी अशी दिली की बाजारातली पोरंसुद्धा ती म्हणत फिरतात.

आता मालिका संपवतेय. एकच भाग उरलाय. त्यात ओस्तिंगची बोट पूर्ण भरलेली आहे, सगळे ओरडतायत, चल रे बाबा, आणि तो सोडत नाही. रस्त्याकडे बघत उभा राहतो आणि तीच आरोळी देतो. बस, एवढंच. आणि हेच अडलंय.

ताताय जूनमध्ये पडले, मनोंग. न्हाणीघरात. पक्षाघात होता तो, हिवताप नव्हे; मी तुला खोटं कळवलं. त्यांनीच सांगितलं होतं, नोनोयला कळवू नकोस (तू अजून त्यांचा नोनोयच, लहान पोरच आहेस), तो म्हणेल म्हातारा नाटक करतोय. उजवा हात आता बरा आहे, पाय ओढत चालतात. पण जीभ अडते. शब्द येतो, दातांपर्यंत येतो आणि तिथेच उभा राहतो. साऱ्या इलोइलोला रेडिओवरून घाबरवणारा, हसवणारा माणूस आता मीठ मागताना घामाने भिजतो.

मनिलाच्या एका कंपनीला मालिका विकत हवी आहे. त्यांनी जुन्या भागांवरून कॉम्प्युटरमध्ये तातायचा आवाज बनवून पाठवला. हुबेहूब. ताताय डोळे मिटून ऐकत राहिले. मग हळूहळू, थांबत थांबत म्हणाले, “चां... चांगला बोलतो. माझ्यापेक्षा चांगला. पण ह्याला द... दम लागत नाही गं.” मी कंपनीला नकार कळवला.

मी म्हटलं, तुमच्याच आवाजात करू, आहे तसा. ओस्तिंगही म्हातारा झालाय, अडखळला तर काय बिघडलं? एकदा कपाटात उभे राहिले, मी पंखा बंद केला, आणि त्यांनी ती आरोळी दिली. अजून ए... ए... आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग “एकाची जागा आहे.” मी ब्लँकेटाबाहेर तोंड दाबून रडले.

आमच्या कामात आवाज आधी असतो, चित्र नंतर. आवाज ऐकत ऐकत तोंड काढायचं, हा ओठ मिटला, हा उघडला. तातायचं तोंड मी झोपेतही काढीन. पण जिथे आवाजच नाही, नुसता शब्द अडलाय, तिथे काय काढायचं? ओठ आवळलेले, हनुवटी किंचित वर, डोळे बाजूला वळून कुठेतरी शोधतायत, आणि पुढ्यातला माणूस हसायच्या बेतात आहे हे त्या डोळ्यांना कळलेलं. मी आरशात बघितलं नाही, कुठला फोटो बघितला नाही, हात आपसूक चालत गेला. काढून झाल्यावर एकामागून एक चालवून पाहिलं. मनोंग, तो ओस्तिंग नव्हता. तो तू होतास, शाळेच्या फाटकाशी, खाकी चड्डीतला.

तातायनी बघितलं आणि ओळखलं. मला विचारायचीही गरज पडली नाही. म्हणाले, “हे लावू नकोस.” मी म्हटलं, का? म्हणाले, “हा आवाज माझा नाही. नोनोयचा आहे. मी एकदा त्याला न विचारता रे... रेडिओवर नेला होता.”

हे नाव मला लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते. पिदोय. त्यांच्या नाटकातला तो अडखळणारा गडी, ज्याच्यावर सारं शहर पोट धरून हसलं, आणि ज्याच्या नावाने तुला गल्लीत, चर्चमध्ये, दुकानात हाका मारल्या. ताताय घरी तुझं अडखळतं बोलणं ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन तेच करायचे. तू मिळालं ते पहिलं जहाज पकडलंस. नानाय गेली तेव्हा आलास, आणि चर्चच्या दारात एक म्हातारी हर्षाने ओरडली, “अगं बाई, पिदोय!” ताताय प्रसंग सावरायला गेले आणि त्यांनी तिला पिदोयच्याच आवाजात उत्तर दिलं. आयुष्यभर हशा काढून वेळ मारून नेलेल्या माणसाला दुसरं काही सुचलंच नाही. तू नवव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही थांबला नाहीस. मी तुला दोष देत नाही. तेव्हाही दिला नव्हता.

त्यांचं म्हणणं एवढंच आहे: नोनोयला विचार. तो हो म्हणाला तर लाव, नाही तर पूस.

तू नाही म्हणालास तर शेवटच्या भागात ओस्तिंग बोलणार नाही. नुसता रस्त्याकडे बघेल आणि दोर सोडेल. तेही मला काढता येईल. मी रागावणार नाही. खरं सांगू, मी इतकी दमले आहे की रागवायलाही अंगात त्राण नाही.

पण हो की नाही, ते मला कळवू नकोस. जहाज बंदराला लागलं की तातायनाच फोन कर. फोन उशाशीच असतो, ते उचलतील. “हॅलो” म्हणायलाच त्यांना वेळ लागेल, तेव्हा लाइन तुटली समजून ठेवून देऊ नकोस. लहानपणी तू मला सांगायचास, लोक आपलं वाक्य परस्पर पूर्ण करून टाकतात त्याचा सगळ्यात जास्त राग येतो. त्यांचं वाक्य तू पूर्ण करू नकोस. थांब. होईल त्यांचं बोलून.

पंखा बंद करून बसलेली,
तुझी
लिझेल