बोलली का?

६ जानेवारी २०२५

रेणुका आजही बोलली नाही. येळवसला, अमावास्येच्या सणाला, शेतात जेवणं आटोपली, धाकटी जाऊ मंगल विहिरीवर पाण्याला गेली, पाठोपाठ माझी पोर. मंगलचा पाय घसरला, बुडून गेली म्हणतात. पोर परत आली ती मुकीच. दिवसभर चिवचिवणारी माझी चिमणी! आता नुसती बघते. कायमची अशीच राहिली तर?

९ जानेवारी

सासूबाई म्हणतात, मंगलनंच धरलंय पोरीला, गाणगापूरला न्या. मंगलच्या नवऱ्याचं, ज्ञानोबाभावजींचंही तेच. बिचारे! स्वतःची बायको गेली, तरी रोज रेणुकाला केळी आणतात, रोज विचारतात — बोलली का? हे हैदराबादला. फोनवर म्हणतात, ज्ञानोबा आहे ना तिथं, काळजी कशाची.

पण मी हट्ट सोडला नाही. आधी डॉक्टर.

१७ जानेवारी

गुलबर्ग्याला जाऊन आले. तिथल्या डॉक्टर नेत्रा मॅडम म्हणाल्या, घसा ठीक आहे, धसक्यानं वाचा बसलीय. येईल. पण "बोल गं" म्हणायचं नाही, काही विचारायचं नाही. शेजारी बसायचं, खेळू द्यायचं, ती करेल ते फक्त आपण बोलून दाखवायचं.

मी विचारायचं नाही! माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक.

२० जानेवारी

नाही जमलं. विचारलंच. पोर बाजेखाली जाऊन बसली.

३ फेब्रुवारी

आज गप्प राहिले. तिनं तुरीच्या काड्यांना चिंधी गुंडाळली. मी म्हणाले, "बाहुली केली." तिनं मान हलवली! मला रडूच आलं.

तेवढ्यात भावजी दारात आले. बाहुली टाकून ती माझ्या पदरात शिरली. माणसांचीच धास्ती घेतलीय तिनं.

११ फेब्रुवारी

परातीत पाणी घेतलं तिनं. काठावर एक बाहुली, तिच्या मागं दुसरी. मागचीनं पुढचीला पाण्यात लोटलं. मी म्हणाले, "बाहुली घसरली."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. आणि बोलली! बसक्या, चिरक्या आवाजात, पण बोलली.

"काकूचा पाय न्हाई घसरला, आई. काकानं ढकललं."

ज्या आवाजासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते, तोच मी हातानं दाबला. हळू बोल म्हणाले. उदगीरला माझ्या भावाला, अण्णाला फोन केला — सकाळी गाडी घेऊन ये, आता काही विचारू नकोस.

११ फेब्रुवारी, दिवेलागण

भावजी केळी घेऊन आले. "बोलली का पोरगी, वैनी?"

न्हाई म्हणायचं होतं. तोंड उघडलं. आवाजच फुटेना.