उभे राहिले ते उभेकर

२ नोव्हेंबर, रविवार
उभेकर कुलसंमेलन ३० तारखेला. चुलतभाऊ सलिलने विचारलं, आडनावाचा उगम कोण सांगणार? मी म्हणालो, मी. रिटायर झाल्यापासून काहीतरी भरीव करायचं डोक्यात होतंच. श्यामला म्हणाली, आधी माळ्यावरचा पंखा काढा. बायकोला इतिहासाचं वावडं आहे.

४ नोव्हेंबर
‘कर’ आहे म्हणजे गाव असणार. मोबाईलवर ‘उभे’ शोधलं. उभ्याने करायचे व्यायाम आले. थोडे केले. कंबर धरली.

६ नोव्हेंबर
श्यामला म्हणते, द्वारकाआत्याला विचारा, तिला ठाऊक असेल. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बिबवेवाडीला एकटीच असते. घराण्यात आता तीच वडीलधारी. उद्याच जातो.

९ नोव्हेंबर, रविवार
गेलो. पण श्यामलाला मंडईतून गवार हवी होती, म्हणून उभ्याउभ्याच. आत्याने खुर्ची पुढे केली, पदराने पुसली. एका हाताला सुतळी गुंडाळलेली जुनी खुर्ची. म्हणाली, आडनावाचं बसून ऐकण्यासारखं आहे, टेक जरा. मी म्हणालो, पुढच्या वेळी निवांत. चहालाही नको म्हटलं. जिना उतरताना छातीत कसंतरी झालं. पित्त असावं.

१४ नोव्हेंबर
दाढी करताना उगम सुचला. गडाच्या दरवाज्यातून सगळे पळाले, एकटा उभा राहिला तो आपला मूळपुरुष. पुरावा नाही, पण घराण्याला शोभतं. श्यामला म्हणाली, तुम्ही तर गॅसपाशी दूध तापेपर्यंतसुद्धा उभे राहत नाही. संशोधनात अशा शेऱ्यांना स्थान नसतं.

१८ नोव्हेंबर
सलिल खूश. फ्लेक्स छापायला दिला. मजकूर माझा: ‘उभे राहिले ते उभेकर’. आत्याला आधी विचारायला हवं होतं. उद्या फोन करतो.

२१ नोव्हेंबर
फोन राहिला, म्हणून थेट गेलो. फ्लेक्सचा फोटो दाखवायचा होता. सलिल खाली गाडी चालू ठेवून थांबलेला, त्यामुळे उभ्याउभ्याच. आत्याने फोटो बराच वेळ पाहिला आणि अक्षर छान आलंय म्हणाली. या वेळी खुर्चीचा आग्रह केला नाही. समजूतदार आहे. परतताना सलिल बडबडत होता, मला काही ऐकू येत नव्हतं. जेवणही गेलं नाही, म्हणजे एक पोळी कमी.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आता लिहूनच टाकतो, अपराधी वाटतंय. पित्त नाही. म्हणून आज मोबाईल घरी ठेवला, रिक्षाने गेलो. आत्याकडे मांडी ठोकून बसायचंच.

गेटवर वॉचमन खुर्चीत पेंगत होता. खुर्चीच्या हाताला सुतळी.

वर आत्या पलंगावर होती, सुजलेले पाय उशीवर लांब केलेले. मी बसायला जागा बघतोय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, खुर्ची वॉचमनला दिली. इथे कोण बसतंय?

मग तिने सांगितलं. तिच्या पणजोबांची बहीण वाघोलीला दिलेली. पणजोबा तिच्याकडे कधीमधी जायचे, पण बैल न सोडता. बहीण पाट मांडायची आणि हे दारातूनच म्हणायचे, उभ्याउभ्याच आलोय. तिच्या सासरचे चेष्टेने म्हणायला लागले, आले उभेकर. तेच चिकटलं.

पलंगाच्या कडेला टेकू का, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, राहू दे, सवय नाही, बसून पाय दुखतील तुझे. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

बराच वेळ थांबलो. उभाच.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळ
सलिलचा फोन. फ्लेक्स लावतोय, मजकूर बरोबर आहे ना? म्हणालो, हो, अगदी बरोबर आहे.

आत्यासाठी नवी खुर्ची घ्यायची ठरवलंय, चांगली, गादीची. संमेलनाला उशीर होतोय, त्यामुळे जाता जाता उभ्याउभ्याच देऊन येतो.