चमनातली हरळी

आबा, पालीच्या वाटेवरचा तो बंगला आता पडीक झाला, चमनात शेळ्या चरतात, असं परवा कुणीतरी सांगितलं. ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आपल्याला तिथं नेलं ते वेठीला. जहागीरदारांनी हैदराबादला कुण्या नवाबाच्या हवेलीपुढं गवताचं हिरवं चमन पाहिलं आणि तसंच आपल्या बंगल्यापुढं हवं म्हणून हुकूम सोडला. चैत्राचं ऊन तापत होतं. बिंदुसरेच्या काठची हरळी मातीसकट चौकोनी कापायची, ओल्या गोणपाटाखाली गाडीतून आणायची, सपाट केलेल्या गाळाच्या मातीवर एकाला एक भिडवून मांडायची आणि वरून लाकडी चोपण्यानं बसवायची. मांडणारे बाकीचे गडी सुटले. तुमचा हात बरा दिसला म्हणून कारभाऱ्यानं तुम्हाला ठेवून घेतलं. हरळी मूळ धरीपर्यंत राहा, मग जा, म्हणाला. तुम्ही मला म्हणालात, "जल्मभर हिला खणून बांधावर फेकली, आता हिलाच पाणी पाजायचं." तुम्ही हसत होता, कारण थोड्याच दिवसांची गोष्ट आहे असं तुम्हाला वाटत होतं.

भाकरी करायला म्हणून मी तुमच्याबरोबर आले होते. सासरच्यांनी मूल होत नाही म्हणून मला माघारी पाठवलं होतं, आणि घरी आईच्या हाताखाली काम करताना मी दिवसचे दिवस तोंड उघडत नव्हते. बंगल्याच्या मागं आपलं खोपट. सकाळी विहिरीवर मोट सुरू झाली की आपण दोघं घागरीनं पाणी नेतो, झारीनं शिंपतो. जोरानं ओतलं तर माती निघून जाते, म्हणून वाकून, हळू. संध्याकाळी तुम्ही एखाद्या तुकड्याचा कोपरा दोन बोटांनी अलगद उचलून बघता. तो सहज उचलला जातो, आणि तुम्ही पुन्हा दाबून ठेवता.

गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण फाटकावर पहारेकरी. आपल्या रानाची पेरणी जवळ आली तशी तुमची झोप गेली. धनगरांचा कळप माळावर बसला होता. त्यांच्याकडून तुम्ही ताज्या लेंड्या आणल्या आणि चमनावर जाड पसरल्या. कोवळ्या मुळांना ताजं खत सोसत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. उसाच्या लागणीत तुम्हीच लोकांना सांगत होता. पण तुम्हाला घरी जायचं होतं. थोड्याच दिवसांत भाजल्यासारखे पिवळे चट्टे पडले. कारभारी काठीनं एकेक चट्टा दाखवत फिरला आणि मग ती काठी त्यानं तुमच्या पाठीवर टेकवली. मारली नाही, नुसती टेकवली. ते मला अजून दिसतं.

चट्टे खणून नवी हरळी बसवली. या वेळी तुम्ही मुळं धरण्याची वाट पाहिलीत, मग जुनं कुजलेलं शेणखत चाळून, गाळात मिसळून, पोळीवर पीठ भुरभुरावं तसं टाकलंत. तोवर पेरणी होऊन गेली होती. आईनं मामाचे बैल मागून, स्वतः पाभरीमागं चालून रान पेरलं. तुम्हाला निरोपानं कळलं.

हैदराबादचे पाहुणे आले तेव्हा चमन गच्च झालं होतं. बूट घालून ते त्यावर हिंडले. तुम्ही कडेला हात जोडून उभे. जहागीरदार खूश झाले, म्हणाले, याला आता इथंच ठेवा. तुम्ही एवढंच बोललात, "सरकार, माझं शेत हाय." कारभारी म्हणाला, "शेत कुठं पळून जातंय?"

तुम्ही खरंच राहिलात. कपिलधारला जाणारी माणसं रस्त्यानं झांजा वाजवत जात, तेव्हा तुम्ही कुंपणाशी उभे राहून आपल्या गावचं कुणी दिसतं का बघायचात. माझं मात्र वेगळंच चाललं होतं. तिथं मला कुणी काही विचारत नव्हतं. बंगल्यावरच्या कारकुनाची बायको एकटी असायची, तिनं मला बोलावून पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं. मी पुन्हा बोलायला लागले होते.

दिवाळी झाल्यावर आई आली. ऊन पडायला लागलं होतं, पाऊस सरला होता. मी चुलीपाशी होते, तुम्ही दोघं कुडाच्या पलीकडं. आई म्हणाली, "पाणी तोडा. वाळलं की हाकलून देतील. मग तिघं घरी जाऊ."

"दोन दिस तोडून बघितलं."

"मग? भ्या वाटलं?"

"भ्या तर हायच," म्हणालात. "पर पोरगी इथं हसती. गावात कवा हसल्याली बघितली का तू?"

दुसऱ्या दिवशी आईनं मला चलतीस का म्हणून विचारलं, मी तुमच्या भाकरीचं कारण सांगितलं. ती निघाली तेव्हा तुम्ही घागर घेऊन चमनात गेला होता. तुम्ही वळून पाहिलं नाहीत, तिनंही नाही. नंतर ती वर्षातून एखाद्या वेळी यायची, पाहुण्यासारखी, आणि शेवटी तुम्ही त्याच खोपटात वारलात. लोक म्हणायचे, म्हातारा जहागीरदाराला भ्यायचा. आईनं कुणाला खरं सांगितलं नाही.

पोस्टात टाकण्याजोगा हा कागद नाही, पेटीतच राहील. पण एक सांगते. त्या दिवशी कुडाआडून मी सगळं ऐकलं होतं. ऐकलं असं तुम्हाला कळू दिलं असतं, तर मला म्हणावं लागलं असतं की चला आबा, माझ्यासाठी राहू नका. मला ते म्हणायचं नव्हतं.