पंपावरची तारीख

७ नोव्हेंबर, गुरुवार

पंप गेला! बॉयलर चालू, पण गरम पाणी घरभर फिरेना. खोल्या उबदार ठेवणारे सगळे रेडिएटर गारठलेले. पंप टॉवेलांच्या कपाटात; एम्लिनने त्यात डोकं घालून पंपाला हातोडीने दोनदा ठोकलं. ढिम्म!

नेरिस फोनवर— "आई, बाबांना हात लावू देऊ नकोस. माणूस बोलव." लेक कार्डिफला बसून आमचं घर चालवते. डॉक्टरांनी एम्लिनच्या विसरण्याला नाव दिल्यापासून तर जास्तच.

एम्लिन म्हणाला, "या अख्ख्या दरीत घरोघरी पंप मी बसवले. आता माझ्याच घरात परका माणूस? अगं, मग माझं उरलं काय?"

मी माणूस बोलावला नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

नवा पंप त्यानेच बसवला! मी बॅटरी धरून उभी— लग्नापासून माझ्याकडे तेवढंच काम. शेवटी शिरस्त्याप्रमाणे त्याने मार्करने पंपावर लिहिलं— ई. पी., त्याच्या नावाची अक्षरं, आणि तारीख. कुणाचं काम ते पुढच्याला कळायला हवं म्हणे.

तारीख हळूच मला विचारली.

१० नोव्हेंबर, रविवार

वरच्या खोल्या अजून गारच. टॉवेल ठेवायला गेले आणि पाहिलं— पाण्याची दिशा दाखवणारा पंपावरचा बाण खाली. आमच्याकडे पाणी वर जातं. उलटा बसवलाय!

तो कोट घालून खुर्चीत. "येईल गं ऊब. पाण्याला वेळ लागतो." मला रडूच आलं.

११ नोव्हेंबर

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात पाणी घरभर फिरत होतं. प्रत्येक खोलीच्या दारात थांबायचं आणि विचारायचं— आपण इथे कशाला आलो होतो? एम्लिन हल्ली असाच थांबतो. मी त्याचा हात धरते, तसा पाण्याचा धरला. कोमट होता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

एम्लिन गायनमंडळाच्या तालमीला गेला. तिथे त्याचा एक शब्द चुकत नाही. माझ्याकडे दोन तास.

वीज बंद. पंपाच्या दोन्ही बाजूंच्या झडपा बंद. मोठा पाना घेतला. नट हलेना! मग त्याचंच बोलणं आठवलं— "जोर नको लावूस, वजन टाक." वजन माझ्याकडे भरपूर! सुटला. खाली ठेवलेल्या टबात काळं पाणी. पंप फिरवला, बाण वर. नवे वॉशर, नट घट्ट, झडपा उघडल्या, हवा काढली, वीज चालू.

मग गरम होत चाललेल्या टॉवेलांना गाल लावून नुसती उभी राहिले. भिंतीतून पाणी वर चढत होतं, गुळगुळ करत, झोपेत बोलल्यासारखं. किती वेळ गेला कोण जाणे.

तो परतला. रेडिएटरवर हात ठेवला, बराच वेळ.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस रे," मी म्हणाले.

१४ नोव्हेंबर

कपाट उघडलं. त्याची अक्षरं पंपावर खाली डोकं वर पाय करून उभी! पंपाबरोबर तीही फिरली— माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्यावर एक काट मारलेली. खाली त्याच्याच हातची नवी अक्षरं, सरळ. माझ्या नावाची— जी. पी., १२ नोव्हेंबर.

तारीख त्याने मला विचारली नव्हती.